सत्त्याण्णव ते नव्याण्णव

बाबांनी एकतीस वर्षांच्या वह्या पाठवल्या
वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या जुन्या कंपनीच्या
रंगाच्या खोक्यात. वर चिठ्ठी:
मोठ्या खेळ्यांवरून फलंदाजांचा क्रम लाव,
शिल्डच्या स्मरणिकेत छापायचाय.
शतकं मोजून देऊ नकोस, ते मलाही येतं.

मी खारघरच्या इस्पितळात रेषा काढते,
कोण किती महिने तगलं त्याच्या.
जो तपासणीला यायचा थांबला
त्याला आम्ही गेला म्हणत नाही.
एवढे दिवस तरी होता, म्हणतो,
आणि रेषेवर एक बारीक उभी खूण करतो.

नाबादचंही तेच, मी फोनवर सांगितलं.
कोलशेतचा पद्माकर भोईर, एकसष्ट नाबाद, उजेड गेला.
म्हणजे किमान एकसष्ट. पुढचं आपल्याला ठाऊक नाही.
सरासरी त्याला उगाच फुगवते,
शतकांची यादी त्याला ओळखतच नाही.
माझी रेषा एवढंच विचारते:
पन्नास गाठलेल्यांतले किती साठला पोचले,
साठातले किती सत्तरला,
कोण कुठल्या पायरीवर गळतो.
बाबा म्हणाले, हं.
मग बऱ्याच वेळानं,
भोईरला त्या दिवशी चेंडू नारळाएवढा दिसत होता गं.

दीड महिना रात्री आकडे भरले.
बाबांचं अक्षर टाइमकीपरचं, सात कधी एक वाटत नाही.
नवव्या वहीत चहाचा गोल, त्याच्या बरोबर मध्ये
राबोडीचा इस्माईल फकी, एकशे अठरा.
सगळं भरून झाल्यावर, सहज,
काही सिद्ध करायचं नव्हतं,
प्रत्येक धावसंख्येवर बाद झालेल्यांचा एकेक खांब उभा केला.

नव्वदवर चार. त्र्याण्णववर तीन. शहाण्णववर दोन.
सत्त्याण्णव, कोणी नाही.
अठ्ठ्याण्णव, कोणी नाही.
नव्याण्णव, कोणी नाही.
एकतीस वर्षांत सेंट्रल मैदानावर
एकही माणूस तिथे बाद झालेला नाही.
आणि पुढच्या तीन घरांत तेरा जण,
लग्नाच्या पंगतीला दाटीवाटीनं बसावेत तसे.

रविवारी नौपाड्याला गेले. कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला,
मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं.
लेगबाय, म्हणाले.
माणूस मान खाली घालून तंबूकडे यायचा.
मागच्या षटकातला एखादा लेगबाय
बॅटला लागलाही असेल, कोण सांगणार?
संघाची बेरीज तीच राहायची. मी बेरीज कधी चुकवली नाही.

समोरच्या संघाचा वहीवाला?

तो चहाला गेलेला असायचा.

मग मला म्हणाले, आता तुझा क्रम बिघडला असेल.
आवाज असा, की पंचाचं बोट वर जायच्या आत
स्वतःच चालू लागलेला माणूस.
मी संशयातल्या सगळ्यांचे तीन तीन कमी करून
पुन्हा गणित केलं होतं, तेही दाखवलं.
पहिला फकी. दुसरा भोईर,
डाव थोडे, म्हणून त्याच्याबद्दलची अनिश्चितता
कळव्याच्या खाडीएवढी रुंद.
तिसरा परेरा. सगळे जिथल्या तिथे.
माझ्या रेषेला शंभर म्हणजे
नव्याण्णवनंतरची एक पायरी, बाकी काही नाही.

म्हणजे काहीच फरक पडला नाही?
नाही.
एवढासुद्धा?

सुटल्यासारखे वाटले, आणि थोडे हिरमुसलेही.
आई आतून म्हणाली, पोहे गार होताहेत.

परतताना गोखले रोडवर कीणींच्या घड्याळांच्या दुकानात
माझा पट्टा बदलायला थांबले.
त्यांच्या डोक्यामागे काचेच्या पेटीत एक चेंडू,
खाली पितळी पट्टी, तारीख, शंभर.
तारीख मला पाठ होती. बावीसावी वही, डावं पान,
खोडरबरानं कागद तिथे जरा मऊ झालाय.

तुम्ही वहीवाल्यांची मुलगी ना, कीणी म्हणाले,
आणि पट्ट्याचे पैसे घेईनात.